ढोल्याचा धडधाकट कान

भाचीच्या नव्या डब्यावर ढोल्या हत्तीचं स्टिकर होतं आणि त्याचे दोन्ही कान धडधाकट होते. मी डबा उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. आमच्या लहानपणीच्या कार्टूनमधल्या ढोल्याचा डावा कान फाटका होता. आता ती मालिका नव्याने सुरू झाली आहे आणि कुणा शहाण्याने तो कान दुरुस्त करून टाकला आहे.

माझ्याही डाव्या कानाची पाळी फाटकी आहे. लहानपणी फ्रॉक काढताना त्यात डूल अडकला आणि आईने घाईत फ्रॉक ओढला. शाळेत मुली मला "फाटकी" म्हणायच्या. मग टीव्हीवर ढोल्या आला, आणि त्याच मुली मधल्या सुट्टीत डाव्या कानाला कपड्यांचा चिमटा लावून फिरू लागल्या. त्या वर्षी मी पहिल्यांदा केस मागे घट्ट बांधले.

जुन्या गोष्टी नीटनेटक्या करणाऱ्यांना कुठे माहीत असतं, त्या फटीतून कोण कोण आत शिरलं होतं! मी त्यांना माफ करणार नाही.

मी कात्री घेतली आणि तिच्या टोकाने स्टिकरवरच्या डाव्या कानाचा लचका काढला.

"मावशी, त्याला दुखलं ना!" भाची ओरडली.

"दुखू दे."

"थांब, मी चिकटवते," म्हणत ती गोंद आणायला पळाली. ती परत आली तेव्हा कानाचा तुकडा माझ्या तोंडात होता आणि मी तो सावकाश चावत होते.