मिस व्हेल्माचं टेबल

जून लागला की आमच्या शहरातल्या बसथांब्यांवर एक पोस्टर चिकटतं. पिवळाधमक सूर्य, त्याला पांढरेशुभ्र दात, आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : 'शाळा बंद, जेवण चालू'. त्या सूर्याला एवढं हसू कशाचं येतं, ते मला आजवर कळलेलं नाही. मी ते पोस्टर पाहिलं की दुसरीकडे तोंड फिरवते. का, तेच सांगायला बसले आहे.

मी क्लॉडेट. फेनर स्ट्रीटवर राहते आणि घराच्या पुढच्या खोलीत बायकामुलींच्या वेण्या घालते. आमच्या दाट कुरळ्या केसांच्या बारीक वेण्या घालायच्या म्हणजे अर्धा दिवस जातो, तोही खिडकीपाशी उभं राहून, त्यामुळे गल्लीतलं काही माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि जे दिसतं ते पोटात राहत नाही. समोरच्या घरातली मिस व्हेल्मा म्हणायची, "क्लॉडेट, एखादी वेणी स्वतःच्या जिभेला घाल की."

मिस व्हेल्मा पर्नेल. तिच्याहून मोठी माणसंही तिला मानाचं 'मिस' लावल्याशिवाय हाक मारत नाहीत. अंगाने काटकुळी, डोक्यावर ऊन असो नसो, गवती टोपी. लहानपणी आईचं बोट धरून कॅरोलायनातून इथे आली. आई दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांत राबायची आणि पोरांना शाळेत घालायची, कारण शाळेत दुपारचं ताट मिळायचं. मिस व्हेल्मा सांगायची, "सुट्टी लागली की बाकीची पोरं नाचायची. मी शाळेच्या फाटकाला धरून उभी राहायचे. शिपायाला वाटायचं, काय अभ्यासाची आवड आहे पोरीला."

पुढे ती मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात लागली. सगळी नोकरी तळघरात गेली, वाफेत, दुसऱ्यांच्या चादरी धुण्यात. नवरा रूफस दर शुक्रवारी चर्चच्या अंगणात मासे तळून विकायचा. तो गेला आणि त्याचं लांबलचक घडीचं टेबल मागे राहिलं. निवृत्त झाल्यावर ते टेबल तिने घराबाहेर मांडलं आणि शहराच्या ऑफिसात कळवलं की आमची गल्ली मी सांभाळते.

गल्ली सांभाळायची म्हणजे असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शहर काही गल्ल्या दिवसा गाड्यांना बंद करतं. दोन्ही टोकांना लाकडी अडसर लागतात. शहराचा ट्रक सकाळी जेवणाची खोकी टाकून जातो आणि गल्लीतलीच कोणी बाई, बिनपगारी, ती पोरांना वाटते. चीज सँडविच, दूध, सफरचंदाच्या फोडी. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. पण तिच्या शेपटाला नियम बांधलेत. पोराने स्वतः यायचं. टेबलासमोर, अडसरांच्या आत बसूनच खायचं. डबा घरी न्यायचा नाही. मोठ्या माणसाने फोडसुद्धा तोंडात टाकायची नाही. आणि जे उरेल ते कचऱ्यात.

हो, कचऱ्यात. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशात मी रोज दुपारी न फोडलेली दुधं काळ्या पिशवीत पडताना पाहिली आहेत. ती पिशवी मिस व्हेल्मा स्वतःच्या हाताने बांधायची.

त्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या घरात तिसऱ्या मजल्यावर एक नवं कुटुंब आलं. आई शवॉन विमानतळावर साफसफाई करायची, उजाडायच्या आत जायची. मुलगी झारिया, नऊ-दहा वर्षांची, चुणचुणीत. ती रोज रांगेत पहिली यायची, डबा घ्यायची, पाठ करून बसायची आणि सगळ्यांआधी उठायची. एक दिवस मिस व्हेल्माने तिला हटकलं.

"झारिया, इकडे ये. सदरा वर कर."

"का?"

"कारण मी म्हणते म्हणून."

सदऱ्याखाली, चड्डीच्या नाडीत खोचलेलं अख्खं सँडविच. दुधाचा खोका खिशात.

"न्यायचं नाही हे माहीत आहे ना तुला?"

"हो."

"मग? रात्रीसाठी?"

"एमरीसाठी," झारिया म्हणाली. "तो खाली येत नाही."

"येत नाही म्हणजे? कोण लागून गेला एवढा?"

"माझा भाऊ. त्याच्या रक्तात सिकलसेल आहे. ऊन लागलं की त्याची हाडं दुखतात, तो ओरडतो. मम्मी म्हणते, खाली नेलंस तर बघ."

"आणि तू काय खातेस मग?"

झारियाने खांदे उडवले. हे सगळं मी खिडकीतून ऐकलं. माझ्या हातातली वेणी ओढली गेली आणि खुर्चीतल्या बाईने "आई गं" केलं.

मिस व्हेल्मा तिच्याबरोबर तीन जिने चढून गेली. उतरली तेव्हा तिच्या टोपीखालचा चेहरा बघण्यासारखा होता. "पाच वर्षांचा आहे," ती मला म्हणाली. "पंख्यासमोर बसलाय. खिडकीतून रोज आपल्याला जेवताना बघतो. मला माझं नाव सांगितलं त्याने, 'तू टोपीवाली' म्हणाला."

"मग दे की एक डबा वर पाठवून. कोण बघतंय?"

"मी बघतेय," ती म्हणाली. "चोरून दिलं तर चोरी होते. त्याने काय चोरलंय?"

असा तिचा स्वभाव. नियम मोडायचा नाही, पण वाकवायला तिच्यासारखं कोणी नाही. पोराने टेबलासमोर बसून खायचं ना? मग दुसऱ्या दिवशी तिने टेबलच उचललं. आम्ही चार बायकांनी ते कोपऱ्यावरच्या घरात नेलं, जिन्याच्या वळणांवर आडवं-तिडवं करत, भिंतीचे पोपडे काढत, आणि तिसऱ्या मजल्यावर, दारासमोरच्या मोकळ्या जागेत उभं केलं. गल्लीतली सगळी पोरं जिन्यात बसली, खालपासून वरपर्यंत. डबे हातोहात खाली गेले. आणि सगळ्यात वरच्या पायरीवर, सावलीत, एमरी बसला. बारीक मानेचा, मोठ्या डोळ्यांचा. त्याने डबा उघडला आणि आधी सगळ्यांचे डबे आपल्यासारखेच आहेत का ते वाकून वाकून पाहिलं.

आठवडाभर तो जिना दणाणत होता. झारिया आपलं सँडविच आपण खायला लागली.

मग मिस्टर प्रुइट आले. शहराचे तपासनीस, तरुण, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. मिस व्हेल्माच्या घरासमोर टेबल दिसेना म्हणून शोधत शोधत जिन्यापाशी पोचले आणि पोरांच्या पायांमधून वाट काढत वर आले.

"मॅडम, टेबल तुमच्या घरासमोर मंजूर आहे. हे घर मंजूर नाही. शिवाय हा जिना आहे, रस्ता नाही."

"पोरं बसून खातात. टेबलासमोर खातात. घरी कोणी नेत नाही. काय चुकलं, बाळा?"

"एका मुलासाठी तुम्ही सगळं हलवलंत."

"हो. एकच हलू शकत नव्हता."

ते खजील झाले, मी पाहिलं. पण खजील होऊन कुणाचं पोट भरत नाही. म्हणाले, माझ्या हातात काही नाही. म्हणाले, टेबल उद्या जागेवर आलं नाही तर ट्रक थांबेल, आणि मग सगळीच मुलं उपाशी राहतील, तुम्हाला ते हवंय का. हे त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. मला ओरडणारी माणसं परवडतात. ही हळू बोलणारी माणसं बघितली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. सगळी पोरं एका पारड्यात टाकायची, एक पोर दुसऱ्या पारड्यात, आणि तराजू एका म्हातारीच्या हातात द्यायचा. वर तिलाच विचारायचं, तुला काय हवंय.

टेबल खाली आलं.

दोन दिवस मिस व्हेल्माने आपल्या घरचा भात आणि वाल एमरीला नेऊन दिला. त्याने खाल्ला नाही. त्याला तो डबा हवा होता, सगळ्यांच्या हातात असतो तो. पाच वर्षांच्या पोराला ताटातल्या अन्नाइतकीच पंगत लागते, एवढंसं कळायला ऑफिस कशाला लागतं? तिसऱ्या दिवशी तिने शवॉनला पहाटे गाठलं आणि विचारलं, मी त्याला खाली आणू का. सावलीत ठेवीन, जेवण झालं की लगेच वर. शवॉनने कामाची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मिस व्हेल्मा, तुम्ही आहात म्हणून."

आम्ही त्याला खुर्चीत बसवून खाली आणलं. चार बायकांनी चार टोकांना चादर धरली, त्याच्या डोक्यावर सावली. वरातीतल्या नवऱ्यासारखा आला तो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्याने टेबलाला हात लावून पाहिला, डबा घेतला, आणि मिस्टर प्रुइट त्या दिवशीही आले होते, त्यांनी लांबूनच अंगठा वर करून 'छान' अशी खूण केली. सगळं नियमात होतं.

त्या दिवशी इतकं तापलं होतं की डांबराला पाय चिकटत होते. आमच्याकडे असं तापलं की कोणीतरी कोपऱ्यावरचा आगीच्या बंबाचा नळ उघडतं. गार पाण्याचा मोठा फवारा उडतो आणि गल्लीतली सगळी पोरं त्यात घुसतात. आमची आई घुसली, आम्ही घुसलो, उन्हाळा म्हणजे आम्हाला तेच. नळ उघडला. पोरं धावली. आणि त्यांनी एमरीलाही नेलं. कोणी वाईट मनाने नेलं नाही. इतके दिवस वर बसून बघणारा पोरगा आज खाली आला होता, त्याला सोडून कोण खेळेल? मिस व्हेल्मा उरलेले डबे पिशवीत भरत होती. आमच्या हातांत चादर होती. पोरांनी खुर्चीसकट उचललं आणि बर्फासारख्या पाण्यात ठेवलं. तो हसत होता. मी कधी एवढं मोठं हसू पाहिलं नव्हतं.

आधी ऊन आणि त्यावर गार पाणी. सिकलसेलच्या पोराला याहून वाईट काही नाही, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. घटकाभरात त्याने पाय पोटाशी घेतले. मग ओरडायला लागला. त्या ओरडण्याचं वर्णन मी करणार नाही. अडसर बाजूला करून रुग्णवाहिका आत आली.

मिस व्हेल्मा त्याच्याबरोबर गेली, मागोमाग मी. इस्पितळ तेच, ज्याच्या तळघरात तिने जन्म काढला. शवॉन विमानतळावरून धावत आली, तिला मिस व्हेल्माने एवढंच सांगितलं, "मी आणलं त्याला खाली. मला बोल."  शवॉनने तिच्याच खांद्यावर डोकं टेकलं.

संध्याकाळी औषधांनी पोर शांत झालं होतं. दार ढकलून एक वॉर्डबॉय आत आला. हातात झाकलेला ट्रे. चीज सँडविच, दूध, सफरचंदाच्या फोडी. त्याने खाटेवरची फळी ओढली, ट्रे एमरीच्या पुढ्यात ठेवला आणि निघाला.

"थांब," मिस व्हेल्मा म्हणाली. "हा कितवा मजला आहे?"

"सहावा."

"त्याला खाली यावं लागत नाही जेवायला?"

वॉर्डबॉयला वाटलं, म्हातारी चक्रावली आहे. समजावणीच्या सुरात तो म्हणाला, "मावशी, पोरगं आजारी आहे. त्याला खाली कसं बोलावणार? आजाऱ्याचं जेवण त्याच्याकडेच न्यायचं असतं."

 एमरीने ट्रेकडे पाहिलं आणि विचारलं, "बाकीची पोरं कुठेत?"

तो चौथ्या दिवशी घरी आला. त्याच सकाळी मिस व्हेल्माने टेबल उचललं. कोणाला बोलावलं नाही, एकटी ओढत होती, तेव्हा आम्हीच धावलो. तिसऱ्या मजल्यावर टेबल लागलं, पोरं जिन्यात बसली. मिस्टर प्रुइट आले आणि खालच्या पायरीशी उभे राहिले.

"मॅडम, आपलं ठरलं होतं."

"तुझ्या नियमाने मी त्याला खाली आणलं. तुझ्या अंगठ्याने तो इस्पितळात गेला. तिथे एका पोऱ्याला जे कळतं ते तुमच्या अख्ख्या ऑफिसात कोणाला कळत नाही का रे?" तिने एक डबा त्यांच्या हातात ठेवला. "हा एमरीचा. हातात काही नाही म्हणतोस ना? आता आहे. जा वर."

ते तो डबा धरून उभे राहिले. जिन्यातली सगळी पोरं त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं, जातील वर. देवाशपथ वाटलं. त्यांनी डबा पायरीवर ठेवला, अगदी जपून, आणि ते निघून गेले. झारियाने तो उचलून वर नेला.

सोमवारी ट्रक आला नाही. अडसरही शहराने उचलून नेले आणि गल्लीतून गाड्या सुरू झाल्या. बारा वाजता पोरं सवयीने येऊन जिन्यात बसली. तेव्हापासून आम्ही बायका पाळीपाळीने रांधतो आणि तीन मजले चढवतो. आमच्यातल्या दोघींचं घरभाडं थकलं आहे. एमरी वरच्या पायरीवर बसून सगळ्यांची ताटं वाकून वाकून बघतो.

ऑगस्टमध्ये एका वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. गल्ली मुलांना जेवू घालते, किती हृद्य, वगैरे. मिस व्हेल्माला टेबलामागे उभं केलं आणि म्हणाला, "मॅडम, जरा हसा ना."

"कशाला?" तिने विचारलं.

 फोटो छापून आला, त्यात ती टोपी खाली ओढून उभी आहे. त्याच पानावर, शेजारीच, त्या दातवाल्या सूर्याची जाहिरात होती.