गाडीला गिऱ्हाईक

गाडी विकायचं ठरलं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. मिरजेच्या दवाखान्यात आमच्या ह्यांचे डोळे तपासले तेव्हा डॉक्टर म्हणाले, काचबिंदूनं बाजूचं दिसणं गेलंय, समोरचं उरलंय ते थेंबांनी टिकवू, पण आता गाडी चालवायची नाही. हे बाहेर आले आणि सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले. मला गाडी येत नाही. त्या दिवशी मिरजेहून कराडपर्यंत तेच चालवत आले आणि मी शेजारी बसून "ट्रॉली आली, डावीकडून मोटरसायकल आली" असं सांगत राहिले. उसाचा हंगाम होता. तरीही एका ट्रॉलीला मागचं दार घासलंच.

हे मूळचे पाटणकडचे. सगळी नोकरी फौजेत गेली, तीही गाड्या चालवण्यात. ही छोटी पांढरी गाडी पेन्शनवर आल्यावर घेतलेली, स्वतःची अशी पहिलीच. मुलगा पुण्याला असतो. तो फोनवर म्हणाला, "आई, तू शीक की." मी शिकायला गेलेही. पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत बसायचं, क्लच सोडला की गाडी बंद पडायची, मागून हॉर्न वाजायचे आणि शिकवणारा खिडकीबाहेर बघायचा. थोडे दिवस गेले आणि मी जायची बंद झाले. घरातलं सगळं उरकून, ह्यांच्या डोळ्यांत वेळेवर थेंब घालून, आणखी एक नवी गोष्ट शिकायचं त्राण अंगात राहिलं नव्हतं. एवढंच कारण.

मग गाडी विकायला तयार करणंही माझ्याकडेच आलं. धुऊन आणली, सीट कव्हरं काढून घरी धुतली, पायपुसण्या झटकल्या. सीटखालून चिंचोके निघाले, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या निघाल्या, मुलाच्या लग्नातल्या पिवळ्या अक्षता निघाल्या. पीयूसी काढून आणली, विम्याचा कागद शोधला. गॅरेजवाला म्हणाला, "काकी, दाराचा ओरखडा रंगवून देतो, कळायचं पण न्हाई." ह्यांनी ऐकलं आणि आतूनच सांगितलं, "नगं. लागलंय ते दिसू दे. घेणारा बघून घेईल."

मुलानं पुण्यात बसून मोबाईलवर जाहिरात टाकली आणि नंबर माझा दिला. त्या दिवसापासून फोनला उसंत नाही. कोणी नाव सांगत नाही, गाव सांगत नाही. पहिला शब्द, "लास्ट किती?" मी भाकरी थापत असले तरी पिठाच्या हातानं फोन धरायचा. ॲव्हरेज किती, टायर कधी बदलले, इंजिन खोललंय का. मला यातलं काही ठाऊक नाही. फोनवर हात ठेवून ह्यांना विचारायचं आणि ते म्हणतील ते पुढं सांगायचं. दुपारी जरा आडवं व्हावं तर पुन्हा वाजायचा.

बघायला येणारेही आले. साताऱ्याचा एक एजंट आला, चाकाला लाथ मारून "भंगारचा भाव येईल" म्हणाला आणि चहा पिऊन गेला. कॉलेजातली दोन पोरं आली, गाडीला टेकून फोटो काढून गेली. कोणी खरंच घेणारं आलं, की हे काठी टेकत खाली यायचे आणि बॉनेटवर हात ठेवून सुरू करायचे, "थंडीत पयल्या चावीला उठत न्हाई. एसी नावाला हाय. दुसरा गियर आडतो. पावसाळ्यात डिकीत पाणी येतं." समोरचा माणूस हळूहळू मागं सरकायचा. "कळवतो," म्हणायचा. मी कपबशा उचलून आत यायची.

असं होत राहिलं आणि एका दुपारी माझा बांध फुटला. मी म्हणाले, "आवं, सगळ्या खोडी तुमीच सांगितल्या तर घेणार कोण?"

"फसवून दिली आन रस्त्यात बंद पडली, तर?"

"मग विकायची न्हाई असं तरी सांगा. मी फोन उचलायचा बंद करते. मला हुईना आता."

ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "विकायचीच हाय. दारात उभी हाय तोवर रोज सकाळी चावीकडं हात जातो माझा. एक दिवस काढीन बघ मी गाडी. मंग काय हुईल?"

मला वाटत होतं, त्यांचा जीव गाडीत अडकलाय. त्यांना स्वतःचीच भीती वाटत होती, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.

त्यानंतर जत तालुक्यातून फोन आला. "नमस्कार काकी," असं म्हणून बोलायला लागलेला तो पहिलाच. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू ज्वारी, आणि आता दुधाचा धंदा. दुसऱ्या दिवशी एसटीनं आला तो म्हाताऱ्या आईला बरोबर घेऊन. तिचे गुडघे धरलेले. म्हणाला, "काका, हिला दवाखान्याला न्यायचं म्हंजे शिटा भरून जाणाऱ्या वडापच्या जीपमधी चढता येत न्हाई. म्हणून गाडी घ्यायची. आदी हिला बसवून बघतो, मंग इंजिन बघतो."

त्यानं मागचं दार उघडलं. म्हातारी पाठ करून सीटवर टेकली, मग एकेक पाय हातानं उचलून आत घेतला. नीट बसली. उतरायचं काही तिनं नाव काढलं नाही. पुरुष माणसं पुढं बॉनेट उघडून उभी राहिली आणि ह्यांचं सुरू झालं, थंडी, एसी, गियर. मी तिला पाणी द्यायला गेले. ती स्वतःशीच काहीतरी म्हणाली, कानडीत. गाडी बुटकी आहे, बरी आहे, असं काहीसं. माझं माहेर तिकडचंच, सीमेलगतचं. आई होती तोवर घरात कानडीच. ती गेल्यावर बोलायला कोणी उरलं नव्हतं. माझ्या तोंडून आपोआप कानडीत उत्तर गेलं.

तिनं मान वळवून बघितलं. "यावूरु निमदु?" गाव कुठलं तुमचं? मी सांगितलं. ती सरकली आणि शेजारच्या सीटवर थाप मारली. मी बसले. इतकी वर्षं ह्या गाडीत फिरले, पण मागं कधी बसलेच नव्हते.

"ऊटा आतेन्री?" तिनं विचारलं. जेवलात का?

मी हो म्हणाले. मग नाही म्हणाले. सकाळपासून खरंच काही खाल्लं नव्हतं. घरी येणारा जो तो ह्यांच्या डोळ्यांची चौकशी करायचा, मीही सगळ्यांना तेच सांगत बसायची. तिनं पिशवीतून फडकं काढलं, कडक भाकरी मोडली, वर शेंगांची चटणी घातली आणि माझ्या हातात दिली. मी तिथंच बसून खाल्ली. धुतलेल्या कव्हरांवर चुरा पडत होता, पडू दिला. ती तिच्या सुनांचं, मेंढरांचं, टँकरच्या पाण्याचं सांगत होती. सगळं मला समजलं असंही नाही, काही शब्द हरवले होते माझे. पण ते ऐकताना खांदे सैल पडले.

मग चक्कर मारायला निघालो. तो चालवायला, हे डावीकडं, आम्ही दोघी मागं. वळणावर खर्र आवाज झाला तसं हे म्हणाले, "बघ, आडतोय का न्हाई दुसरा?"

"आडू दे की काका. आमच्याकडं रस्ता पण आडतोय."

हे हसले. मोठ्यानं हसले, आणि मला दचकायला झालं, इतक्या दिवसांनी ऐकलं ते हसणं.

किमतीत त्यानं थोडं खाली मागितलं. ह्यांनी फार ताणलं नाही. गाडी नावावर करायच्या कागदांवर सही करायची होती. ह्यांना रेघ सापडेना. पेन हातात धरून ते कागदाच्या वरच्या वर शोधत राहिले. त्या माणसानं नजर दुसरीकडं वळवली, ते मला आवडलं. मी ह्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं आणि त्यांनी पुरं नाव लिहिलं, फौजेत लिहायचे तसं, एकेक अक्षर सुटं. मग चावी काढून त्याच्या हातात दिली आणि लगेच दोन्ही हात पाठीमागं घेतले.

म्हातारी गाडीतून उतरलीच नव्हती. काच खाली करून मला म्हणाली, "बर्तीन्री." येते म्हणून. गाडी बोळातून वळून गेली. दारापुढं फरशीवर तेलाचा काळा डाग तेवढा राहिला.

मी आत आले आणि भांडी तशीच ठेवून आडवी झाले. जागी झाले तेव्हा उन्हं कलली होती आणि घरात करपल्याचा वास येत होता. हे स्वयंपाकघरात शेगडीपुढं उभे होते. हातानं चाचपून तांदूळ धुतले होते, कुकर सापडला नाही म्हणून पातेल्यात भात टाकला होता.

"खाली लागलाय जरा," ते म्हणाले.

"चालतंय," मी म्हणाले. वरवरचा भात दोन ताटांत काढला, त्यावर ताक घातलं आणि आम्ही जेवायला बसलो.