आईच्या फोनमधला बेचाळिसावा फोटो

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचो ते त्यातल्या फटी शोधायला. कुणी "पावलं वाजली" लिहिलं की मी खाली विचारायचो, घरात मांजर आहे का? त्यामुळे आता माझ्या लेखाखाली कुणी मांजर विचारलं तर मला राग येणार नाही. मलाही मांजरच हवं होतं...

मी वर्ध्याला राहतो. एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. मूळ गाव नाचणगाव, पुलगावला अगदी लागून. बाबा मी कॉलेजात असतानाच गेले. गावाला आई आणि माझी धाकटी बहीण आशू, दोघी मिळून दीड एकरात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर करायच्या आणि पुलगावच्या बाजारात नेऊन विकायच्या.

माझा एक छंद आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. गाण्याच्या फाइलमध्ये गाण्यासोबत माहितीची एक चिठ्ठी असते. गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष, आणि एक चित्र. त्याला टॅग म्हणतात. बाजारातून मेमरी कार्डात भरून आणलेल्या गाण्यांचे टॅग म्हणजे नुसता कचरा असतो. गायकाच्या जागी कुठल्यातरी वेबसाइटचं नाव, वर्षाच्या जागी शून्य. असं दिसलं की माझे हात शिवशिवतात. माझ्याकडची हजारो गाणी मी एकेक करून नीट लावली आहेत. लोक सुटीच्या दिवशी झोपतात, मी टॅग सुधारतो.

आशू मला यावरून चिडवायची. पण टॅग भरायला ती माझ्याकडूनच शिकली, आणि मग तिने जे केलं ते मला कधी सुचलं नसतं.

आईला वाचता येत नाही. फोनवर गाणी होती, पण हवं ते गाणं सापडायचं नाही. दर वेळी "आशे, ते लावून दे ना व" म्हणून हाक मारावी लागायची. तर आशूने प्रत्येक गाण्याच्या चित्राच्या जागी स्वतः काढलेला फोटो टाकला. आईच्या ओळखीच्या वस्तूचा. मावशीच्या लग्नातल्या हळदीच्या गाण्याला वांगी, कारण त्या लग्नात वांग्याच्या भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. बाबांच्या आवडत्या गाण्याला खुंटीवरचा त्यांचा दुपट्टा. एका गायिकेच्या प्रत्येक गाण्याला शेजारच्या शेळीचा वेगळा फोटो... तो नुसता आगाऊपणा होता. अशी एकेचाळीस गाणी. आई चित्र बघायची, बोट ठेवायची, गाणं वाजायचं. शेतात जाताना फोन पदराला बांधून न्यायची.

आशूला फोटो काढायचं मात्र वळण नव्हतं. तिचं बोट कायम कॅमेऱ्यावर यायचं. एकूण एक फोटोत खाली डाव्या कोपऱ्यात गुलाबी धुरकट ठिपका. मी म्हणायचो, "बोट बाजूला घे की." ती म्हणायची, "राहू दे ना, तेवढीच मी दिसते."

कारण ती स्वतः एकाही फोटोत नव्हती. मीही नव्हतो. एकदा मी विचारलं, "माझा फोटो कोणत्या गाण्याला लावलास?"

"तुया नाई लावला, दादा," ती म्हणाली. "तू येतो अन् उभ्या उभ्या चहा पिऊन जातो. आईजवळ बसशीन तवा काढीन. मंग लावीन."

तेव्हा मी हसलो होतो.

मागच्या पावसाळ्यात आशू तापाने गेली. सेवाग्रामच्या दवाखान्यात नऊ दिवस होती. डॉक्टरांनी, सिस्टरांनी जिवाचं रान केलं, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तेवीस वर्षांची होती. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

तीन महिन्यांनी मी गावी गेलो. आई बोलत नव्हती, जेमतेम जेवत होती, पण फोनवर गाणी लावत होती. मला तिच्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि हाताला येत होतं ते एवढंच. फोन हातात घेतला तर गाण्यांची नावं सगळी "आईचं १", "आईचं २", "दुपट्टावालं". म्हटलं, निदान नावं तरी नीट करून ठेवू. कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. एक सॉफ्टवेअर आहे, ते गाणं ऐकून ओळखतं आणि नेटवरून बरोबर नाव आणून भरतं. एकेचाळीस गाणी निवडली आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत काम झालं.

माझ्या स्वतःच्या गाण्यांसाठी मी त्यात एक खूण कायमची करून ठेवली होती. जुनं चित्र काढून अल्बमचं मूळ चित्र लावा. ती खूण तशीच होती.

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, कशालाही हात लावण्याआधी कॉपी करून ठेवा. आईच्या कार्डाची मी कॉपी केली नव्हती. घरचंच तर कार्ड, म्हटलं.

आईने फोन उघडला. बराच वेळ वर-खाली करत राहिली. मग माझ्याकडे धरला.

"हे कोणाचे फोटो होय रे? आशीची वांगी कुठी गेली?"

म्हटलं, आणतो परत. आशूच्या फोनमध्ये पाहिलं. तिचा फोन सारखा भरायचा म्हणून गाण्याला लावून झाले की ती फोटो उडवायची, त्यात काहीच नव्हतं. लोकांचे उडालेले फोटो परत आणून देणं हे माझं रोजचं काम आहे. बारा दिवस मी त्या कार्डामागे लागलो. हाती आलं ते एकच, अर्धं वांगं आणि खाली करडी पट्टी. बहीण गेली ती माझ्या हातात नव्हतं. पण तिने आईसाठी मागे ठेवलेलं मी या हातांनी पुसलं, आणि ते मला आजही सहन होत नाही.

आई एका शब्दाने रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फोन गव्हाच्या डब्यावर ठेवून दिला आणि गाणी ऐकणं बंद केलं.

त्यानंतर मी दर रविवारी गावी जायला लागलो. एका रविवारी दुपारी आम्ही वांग्याच्या वावरात होतो. डबा खाऊन धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलो होतो. मी म्हटलं, "आई, तू भुलाबाईची गाणी म्हणायचीस ना, आशू लहान होती तेव्हा. एक म्हण, मी रेकॉर्ड करतो."

"आता काय गाऊ मी," आई म्हणाली. पण थोड्या वेळाने तिने गाणं सुरू केलं. मी माझा फोन हातात धरून बसलो. मध्येच ती थांबली आणि म्हणाली, "सरक जरा इकडे." मला वाटलं, ऊन लागत असेल. मी सरकून तिच्या खांद्याला खांदा लावून बसलो. तिने उरलेलं गाणं म्हटलं. शेवटच्या कडव्याला तिचा आवाज फुटला आणि मी रेकॉर्डिंग बंद केलं. वावरात आम्ही दोघंच होतो. आजूबाजूच्या वावरांतही कुणी नव्हतं, मला पक्कं आठवतं.

ते गाणं मी आईच्या कार्डात टाकलं. टॅग भरले. गाण्याचं नाव, गायिका म्हणून आईचं नाव. चित्राची जागा रिकामी ठेवली. ते काम आशूचं होतं, माझा हात तिथे गेला नाही. फोनवर नुसता करडा चौकोन दिसत होता. आईला म्हटलं, "बिनफोटोचं आहे ते तुझं."

पुढच्या रविवारी गेलो तर फोन आईच्या पदराला बांधलेला. मला बघून म्हणाली, "फोटो चांगला लावला रे तू."

"कोणता फोटो?"

तिने दाखवला. धुऱ्यावर आई आणि मी, खांद्याला खांदा लावून. आईचं तोंड थोडं उघडं, गाताना असतं तसं. शेजारी रिकामा डबा, माझ्या काढून ठेवलेल्या चपला. माझ्या हातात फोन, ज्यावर मी रेकॉर्डिंग करत होतो. फोटो समोरून काढलेला, वांग्याच्या झाडांमधून, पाच-सहा हातांवरून. तिथे कुणी उभं असतं तर मला दिसलं नसतं का?

आणि खाली डाव्या कोपऱ्यात गुलाबी धुरकट ठिपका.

मग माझ्या सवयीप्रमाणे सगळं तपासलं. कार्ड लॅपटॉपला लावलं, या वेळी आधी कॉपी करून. फाइल आकाराने वाढली होती, पण तिच्यावरची तारीख मी टाकली त्याच दिवसाची. त्या फोनवर नेट नाही. ते गाणं जगात दुसरीकडे कुठेही नाही, की सॉफ्टवेअरने चित्र शोधून आणावं. आईला टॅग म्हणजे काय हेही माहीत नाही. दुकानातला माझा मित्र म्हणाला, कुणीतरी लांबून काढला असेल. मी म्हटलं, काढला असेल, पण मग फाइलमध्ये कुणी घातला?

आईला मी विचारलं, "त्या दिवशी गाता गाता मला सरक का म्हणालीस?"

तिने आठवून पाहिलं. "मले वाटलं, तू अर्धा राह्यला."

"म्हणजे?"

"मले काय मालूम बापू. वाटलं तसं, म्हनून म्हटलं."

तिला मी ठिपका दाखवला. तो तिने आधीच पाहिला होता. "आशीचंच बोट हाय ते," ती म्हणाली, एखादी रोजची वस्तू दाखवावी तशी. मग तिने त्या ठिपक्यावर आपलं बोट ठेवलं, लहानपणी आशूचं बोट धरून तिला बाजारात न्यायची तसं, आणि गाणं सुरू झालं. गाणं संपेपर्यंत तिने बोट उचललं नाही. मी तिच्याजवळ बसून रडलो. आशू गेल्यावर पहिल्यांदा.

बाकीचे एकेचाळीस फोटो आले नाहीत. येतील असं वाटून मी रोज बघायचो, आता बघत नाही. हा एक कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. शोधायचं होतं तेवढं मी शोधलं. या फाइलच्या मात्र तीन ठिकाणी तीन कॉपी ठेवल्या आहेत.

रविवारी अजून जातो. डबा खाऊन आम्ही धुऱ्यावर बसतो. आईला आता सरक म्हणावं लागत नाही, मी आधीच तिला चिकटून बसतो. म्हणजे मी फोटोत अर्धा राहायला नको.