कात्रीबाईचा खरा नंबर

कापडाच्या त्या तीन मजली दुकानात तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती कात्रीबाई. दुसऱ्या मजल्यावर पडद्यांचं कापड मोजून कापून द्यायचं हे तिचं काम, हे एक कारण. दुसरं कारण तिची जीभ. हातातली कात्री संध्याकाळी खणात जाते, तोंडातली मात्र घरी येते, असं तिचा नवरा म्हणायचा. तो बसच्या टायरांचं काम करायचा, अंगापिंडाने दणकट होता, तरी हे वाक्य तो बायको मोरीत नळ सोडून बसली असतानाच म्हणायचा.

दुकान मोठं देखणं. काचा, आरसे, दिवे, पायाखाली चकाकणारी फरशी. बसायला मात्र काही नाही. म्हणजे गिऱ्हाइकांना गुबगुबीत कोच होते, काउंटरमागच्या बायकांना काही नाही. बसलेली विक्रेती म्हणजे झोपलेलं दुकान, असं मालकांचं मत. हे मत ते गादीच्या फिरत्या खुर्चीत रेलून, अर्धा फेरा इकडे अर्धा फेरा तिकडे करत मांडायचे.

आणि बूट. दरवर्षी दुकानाकडून मिळायचे. काळे, चकचकीत, पुढे चोचीसारखे निमुळते, मागे दोन बोटं उंच टाच. दुकानाची शोभा म्हणे. दुकानाची शोभा बायकांच्या पायात का घालायची, ती भिंतीवर का टांगत नाहीत, असं कात्रीबाई विचारायची. पण विचारायची ती जेवणाच्या सुट्टीत, तोंडात घास असताना.

बुटांचे नंबर घ्यायची पद्धत तर भन्नाट. मॅनेजर खालच्या मजल्यावर मधोमध उभा राहायचा आणि एकेकीला ओरडून विचारायचा. रागावला की त्याच्या नाकातून बारीक शीळ यायची, म्हणून त्याचं नाव शिट्टी. आजूबाजूला शर्टांच्या काउंटरवरचे बाप्ये, पार्सल बांधणारे, हिशेबनीस, सगळे कान टवकारून उभे.

"मोजेवाली?"

"चार!"

"चादरवाली?"

"पाच!"

"पडदे?"

"पाच!" कात्रीबाई ठणकावून सांगायची.

पाच नंबर तिने शाळेत असताना कधीतरी घातला असेल. पण थोरल्या बहिणीने लहानपणीच तिच्या पायांना 'होड्या' म्हणायला सुरुवात केली होती. "होड्या बाजूला घे गं, वाट अडते." एवढं ऐकून घेतलेली पोर भर दुकानात पुरुषांसमोर मोठा आकडा सांगेल? मेली तरी नाही. आणि तीच एकटी थोडीच होती! चादरवाली बाई दारात आडवी उभी राहिली की वारा थांबायचा, तिचेही पाय म्हणे पाच. पण कोण कुणाला बोलणार? सगळ्या एकाच माळेचे मणी.

दुखणं एकदम आलं नाही. आधी करंगळीवर कुरूप झालं. मग अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर डोकावू लागलं. पायाची ती बाजू टेकवेना, म्हणून ती बाहेरच्या कडेवर चालू लागली. मग उजवा गुडघा बोलायला लागला. मग खुबा, मग कंबर, आणि शेवटी संध्याकाळी मानेतून कळ निघून थेट डोक्यात. घरात येईपर्यंत तिचा पारा असा चढलेला असायचा की टायरवाला आधी तिच्या चपला टाकल्याचा आवाज ऐकायचा आणि मग ठरवायचा, बाहेरच्या खोलीत थांबायचं की शेजारी जाऊन बसायचं.

उपचारांची कमी नव्हती. नवऱ्याने उशी बदलून आणली. सासूबाई म्हणाल्या, गार पाणी पिणं बंद कर. बहीण म्हणाली, वय झालं तुझं. गल्लीतल्या डॉक्टरने तिच्याकडे वर न बघताच वजन कमी करायला सांगितलं. स्वतः त्याचं पोट टेबलाच्या कडेवर विसावलेलं होतं. कुणी मानेला मलम दिलं, कुणी डोळ्याला चष्मा सुचवला. सगळ्यांनी वरवर पाहिलं. खाली वाकून पायाकडे बघायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत.

मग शिट्टीने तिला पकडलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं, तिने एक पाय बुटातून काढून थंड फरशीवर टेकवला होता आणि कोपर काउंटरवर.

"टेकलात?"

"श्वास घेत होते. त्यालाही बंदी आहे का साहेब?"

शीळ वाजली. "उभं राहवत नसेल तर सोमवारपासून तळघरात जा. गठ्ठे उघडा, घड्या घाला. दोघींची मी तिथे सोय करून दिलीच आहे."

तळघर म्हणजे माल ठेवायची जागा. खिडकी नाही, विक्रीवरचा टक्का नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोंड चालवायला गिऱ्हाईक नाही. चादरवालीच्या जोडीदारणीला आणि आणखी एकीला तिथे धाडलं होतं, त्या अजून वर आल्या नव्हत्या. कापडाच्या गठ्ठ्यांशी भांडायचं म्हणजे कात्रीबाईला जिवंतपणी पुरल्यासारखंच. ती रात्रभर कुशी बदलत राहिली. नवऱ्याने उशीचं काय झालं म्हणून विचारलं आणि उशी तोंडावर खाल्ली.

शनिवारी अर्धी रजा टाकून ती सरकारी दवाखान्यात गेली. गुडघ्यासाठी तिला व्यायामाच्या खोलीत पाठवलं. तिथे केस घट्ट बांधलेली एक तरुण डॉक्टर होती.

"काय दुखतंय?"

"गुडघा. कंबर. मान. डोकंही घ्या, आलेच आहे तर."

"बूट काढा."

"बुटांचा काय संबंध? दुखतंय वर."

"काढा हो मावशी."

"मावशी कुणाला म्हणतेस गं?"

डॉक्टर हसली. तिने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर कात्रीबाईला पूर्ण वजन टाकून उभं केलं आणि पेन्सिलने पायाभोवती रेघ ओढली. मग त्या चित्रावर तिचाच बूट ठेवला. चारही बाजूंनी पायाची रेघ बाहेर. चवड्यापाशी तर पार दोन बोटं. पुतण्याच्या सदऱ्यात शिरलेल्या काकासारखी गत.

"हा पाय रोज ह्याच्यात जातो?"

"जातो म्हणजे, घालते मी."

"कोंबता. बघा, बोटं आवळली की तुम्ही पायाच्या कडेवर चालता. पाय कलला की गुडघा वळतो, गुडघा वळला की खुबा वर उचलला जातो. वर ही टाच. टाच उंच म्हणजे दिवसभर तुम्ही उतारावर उभ्या. पुढे पडू नये म्हणून कंबर मागे ओढता, आणि मग डोकं सरळ ठेवायला मान राबते. नंबर काय तुमचा?"

"पाच."

डॉक्टरने नुसतं कागदाकडे पाहिलं.

"बाळंतपणं किती?"

"दोन."

"त्यात बऱ्याच जणींचे पाय थोडे पसरतात, मग ते परत आवळत नाहीत. सात घ्या, रुंद. सपाट तळाचे. आणि बूट संध्याकाळी घ्यायचे, पाय दिवसभर फुगून झाले की. गुडघ्याचे व्यायाम देते, पण ह्या बुटात घातलेत तर माझाही वेळ जाईल आणि तुमचाही."

कात्रीबाई तो कागद घडी करून घेऊन निघाली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. इतकी वर्षं आपल्याला चिमट्यात धरून उभं केलं, आणि वर तळघर दाखवतात! दुपारीच तिने बायकांना कपडे बदलायच्या खोलीत गाठलं, आणि दुकान बंद व्हायच्या वेळी सात-आठ जणी मालकांच्या खोलीत घुसल्या. मागून शिट्टी वाजतच आला. कुणी बोलावलं नसताना हिशेबनीसही गंमत बघायला दाराशी येऊन उभा राहिला.

कात्रीबाईने सगळं सांगितलं. बूट, टाच, गुडघा, तळघर. मालक अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे करत ऐकत राहिले.

"झालं?" ते म्हणाले. "आता मला सांगा, नंबर मी ठरवले? तुम्ही सांगितलेत. तुम्ही स्वतः, कात्रीबाई. दरवर्षी. ह्याने विचारलं, तुम्ही म्हणालात पाच. मी पाच दिले. माझा काय गुन्हा?"

मालकाचं म्हणणं लबाडीचं होतं आणि खरंही होतं. खोटेपणाला कात्रीबाईने चार ठिकाणी फाडलं असतं. खऱ्याचं काय करायचं? गप्प बसली तर सोमवारी तळघर. बोलली तर ह्या सगळ्यांसमोर, त्या हिशेबनीसासमोर, होड्या.

तिने बूट काढले. मोजेवालीला म्हणाली, "खालून पार्सलचा कागद आण." खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला. तपकिरी कागद मालकांच्या गालिच्यावर अंथरून त्यावर ती उभी राहिली, चादरवालीने वाकून रेघ ओढली, आणि कात्रीबाई जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात काहीतरी बोलली.

"सात."

"काय?" मालक.

"सात! कान गेलेत का? सात! रुंद सात! खोटं बोलत होते मी!"

कुणी हसलं नाही. मोजेवाली चुळबुळ करत म्हणाली, "माझा पण चार नाही हो. सहा आहे." चादरवालीने आठ म्हटलं आणि कुणी काही बोलायच्या आत सगळ्यांकडे डोळे वटारून पाहिलं. एकामागून एक बूट निघू लागले. खोलीत असा काही वास सुटला की मालकांनी खिडकी उघडायला सांगितली. दाराशी हिशेबनीसानेही गुपचूप एक पाय मोकळा केला.

"बघा!" मालक खूश. "म्हणजे चूक तुमचीच."

"नंबर आमचा खोटा, कबूल. पण भर दुकानात, बाप्यांच्या घोळक्यात ओरडून विचारायचं, ही अक्कल कुणाची? आम्ही वजनं सांगायची राहिली होती फक्त! ही चोच आम्ही मागितली? ही टाच आम्ही लावली? बरं, उद्या सात नंबर घातला आणि दिवसभर खांबासारखंच उभं राहायचं असेल, तर गुडघा काय आठवड्याने बोलायचा तो महिन्याने बोलेल. सपाट बूट पाहिजेत, मापाचे. आणि बसायला स्टूल."

"स्टूल? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"उठा."

"काय?"

"तुम्हीही उठा. ही बोलणी उभ्यानेच करू. दुकानाची शोभा राहील."

शिट्टीचं नाक वाजलं. पण मालकांनाही ताठा होता. बायकांसमोर उठायला काय होतंय, म्हणून ते उठले. पोट आत घेऊन, हात मागे बांधून. त्यांचेही बूट चोचीचे. बायकांनी मात्र बूट काढलेले होते, आणि उभं राहणं हा त्यांचा रोजचा धंदा. कात्रीबाई सावकाश बोलू लागली. चामडं कसलं हवं ते सांगितलं. मोजेवालीला टाचांबद्दल बोलायला लावलं. चादरवालीने आपल्या कमरेची पार पहिल्या बाळंतपणापासूनची कहाणी काढली, आणि ती बाई कहाणी मधेच सोडणाऱ्यातली नव्हतीच.

मालकांनी भार डाव्या पायावर घेतला. मग उजव्या. मग डाव्या. मग त्यांचा हात हळूच टेबलाच्या कडेला गेला.

"टेकू नका," कात्रीबाई म्हणाली. "गिऱ्हाईक काय म्हणेल?"

हिशेबनीसाला खोकला आला तो थांबेना.

"बरं, बूट देतो," मालक घाम पुसत म्हणाले. "सपाट. माप घेऊन."

"माप बंद खोलीत. बाईने घ्यायचं."

"बाईने. जमेल."

"स्टूल."

"स्टूल नाही."

"हं. तर चादरवाली, दुसऱ्या बाळंतपणाचं सांग."

"एका काउंटरला एक!" मालक ओरडले. "गिऱ्हाईक नसताना! गिऱ्हाईक आलं की उठायचं!"

"आणि माझं तळघर?"

"वरच राहा! खाली राहा! कुठेही राहा, पण आत्ता जा!"

त्या बाहेर पडेपर्यंत खुर्चीचा करकर आवाज आलाच.

बूट आले तेव्हा दिसायला अगदी थोराड होते, पावासारखे. कात्रीबाईने ते पहिल्या दिवशी घातले आणि बोटं मोकळी झाल्यावर तिला उगीचच रडू आलं. ते तिने शिट्टीवर ओरडून घालवलं. डोकेदुखी महिन्याभरात गेली. गुडघ्याने वेळ घेतला, अजून जिना उतरताना कुरकुरतो. अंगठ्याचं हाड आलं ते आलंच, ते काही परत आत जायचं नाही. आणि पाय बरे झाले की स्वभाव निवळेल ही टायरवाल्याची आशा फोल ठरली. उलट आता ती भांडताना जास्त वेळ उभी राहू शकते.

स्टुलावर ती पहिल्यांदा बसली तो मंगळवार होता. समोर मोकळं दुकान, पायाखाली सपाट तळ, शिट्टी लांबून बघतोय आणि बोलू शकत नाही. अशा वेळी माणसाला स्वर्ग दोन बोटं उरतो. तिला मात्र बसल्या बसल्या एकदम आठवलं की त्या संध्याकाळी मालकांच्या खोलीत तळघरातल्या दोघी नव्हत्याच. त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं. तिनेही नाही. काउंटरला स्टूल मिळालं, आणि तळघरात तर काउंटरच नाही.

"शिंच्यानं बरोबर हातोहात फसवलं," ती पुटपुटली. मालकाला की स्वतःला, कोण जाणे.

तिने कागदाची गुंडाळी काखेत मारली, खडू खिशात टाकला, मोजेवालीला सांगितलं, "पडदे बघ जरा," आणि जिन्याचा कठडा धरून, एकेक पायरी आडवी उतरत खाली गेली. तळघरात एकच दिवा. सिमेंटच्या गार जमिनीवर दोघी घड्या घालत उभ्या, पायात तेच चोचीचे बूट, टाचा झिजून एका बाजूला कललेल्या.

त्यातली थोरली तिला पाहून हळहळली. "अगं बाई! तुलाही पाठवलं का गं खाली?"

"मला पाठवायची कुणाच्या बापाची टाप आहे?" कात्रीबाईने कागद जमिनीवर पसरला. "बूट काढ. आणि नंबर सांगू नकोस, मी बघते."