लाल घेऊ का हिरवी?

गॅरेजमधून गाडी दुरुस्त होऊन निघून जाते. तिच्या मालकाचा किस्सा मात्र इथेच राहतो. वणीतल्या माझ्या गॅरेजात असे किस्से आता स्पेअर पार्ट्सपेक्षा जास्त झालेत. आणि यंदाचे सगळे एकट्या सुखदेवभाऊ मेश्रामांचे!

सुखदेवभाऊंनी तीस वर्षं कोळसा खाणीत डंपर चालवला. माणसापेक्षा उंच चाकांचा. रिटायर झाले आणि म्हणाले, "आता मले दोन सीटची, जुनी, फॉरेनची स्पोर्ट्स कार पायजे." परवडतील अशा दोन सापडल्याही. नागपूरला एक हिरवी इंग्लिश, उघड्या टपाची. अमरावतीला एक लाल इटालियन.

"सांग, कोणती घेऊ?"

मी सकाळी हिरवी म्हणालो, संध्याकाळी लाल. इथून गोंधळ सुरू झाला.

*

हिरवी बघायला नागपूरला गेलो. मालकीणबाई आत झोपल्या होत्या. त्यांच्या भाच्याने किल्ली दिली. डंपरवर शिडीने चढायची सवय असलेले भाऊ या गाडीत बसायला खाली-खालीच जात राहिले.

"बसलो का पडलो, समजूनच नाही राह्यलं!"

सिग्नलला शेजारी ट्रक येऊन थांबला. भाऊंना त्याचं फक्त चाक दिसत होतं. बराच वेळ त्या चाकाकडे बघून हळूच म्हणाले, "तीस वर्षं मी लोकायले असाच दिसलो असन का रे?"

*

लाल गाडीचे मालक रिटायर्ड प्रोफेसर. एकदम शुद्ध बोलणारे. "ही जरा लहरी आहे हं. हिचं मन राखावं लागतं."

"सर, पन चालते का?"

"तिला वाटलं तर!"

मग उलट सरच आम्हाला विचारायला लागले. घर मोठं आहे का? सावलीत ठेवाल ना? तुम्हाला राग पटकन येतो का?

बाहेर आल्यावर भाऊ घाम पुसत म्हणाले, "आपन गाडी पाहाले आलतो का पोरगी मांगाले?"

*

दोन्ही गाड्या जमिनीला टेकल्यासारख्या. म्हणून भाऊ टेप घेऊन मोहल्ल्यातले स्पीड ब्रेकर मोजायला निघाले. लोकांना वाटलं, सरकारी माणूस आला. पाच मिनिटांत गर्दी!

"साहेब, नाली कधी होईन?"

"आमच्या गल्लीत काहून नाही आले?"

ब्रेकरवर पोटावर आडवे झालेले भाऊ ओरडले, "थांबा ना बाप्पा! माह्यंच अजून ठरून नाही राह्यलं!"

*

शेवटी भाऊंच्या घरी चिठ्ठ्या टाकल्या. रंजना वहिनींनी उचलली. हिरवी!

"तीनदा काढू," भाऊ म्हणाले. मग पाचदा. मग नऊदा. हिरवी पाच, लाल चार.

"पन लाल आली तवा तू हासली काहून?"

"अहो, मी टीव्हीकडे पाहून हासली!"



*

अखेर हिरवीच ठरली. भाऊ, वहिनी आणि मी माझ्या जीपने नागपूरला पोचलो. या वेळी मालकीणबाई स्वतः बाहेर आल्या. सत्तरीच्या असतील. किल्ली पुढे करत म्हणाल्या, "आमच्या यांनी मला कधी हात लावू दिला नाही हिला. तुला जमणार नाही, म्हणायचे. आता तेही नाहीत. तुम्ही नेण्याआधी एकदा नुसती स्टिअरिंगवर बसू?"

भाऊंनी दार उघडलं. "बसा ना ताई. अन् नुसतंच काहून?"

समोर कॉलनीचं मोकळं मैदान होतं. गाडी बेडकासारख्या उड्या मारत निघाली. बंद पडली. पुन्हा निघाली. शेजारच्या सीटवरून भाऊ हातवारे करत होते. आम्ही दोघं गेटपाशी उभे. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, दीड तास झाला!

बाई परतल्या तेव्हा केस विस्कटलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि हसू काही आवरत नव्हतं. भाऊंनी किल्ली त्यांच्या हातात ठेवली, "येतो ताई," म्हणाले आणि सरळ माझ्या जीपमध्ये येऊन बसले.

जीप वणीच्या रस्त्याला लागली. वहिनी माझ्याकडे बघायच्या, मी आरशात बघायचो. शेवटी त्यांनीच विचारलं, "अहो, अन् गाडी?"

"ताई क्लच लय लवकर सोडते," भाऊ म्हणाले. "रविवारी पुन्हा या लागन."