फितीसकट चालू केलेलं मशीन

आमच्या क्लबच्या गुरुवारच्या सभेला सगळे सभासद गादीच्या खुर्च्यांवर बसत आणि आबा रासकर चाकाच्या खुर्चीवर. पायांना काही झालेलं नव्हतं. एस.टी.च्या डेपोत अख्खी नोकरी गाड्यांखाली उताणं पडून काढलेला हा मेकॅनिक सत्तरीतही सणसरहून बारामतीला सायकलवर यायचा. पण क्लबच्या रुग्णसाहित्य केंद्रात परत आलेली प्रत्येक व्हीलचेअर पुढच्या पेशंटला देण्याआधी आबा एक अख्खी सभा तिच्यावर बसून काढत. "दीड तास बूड दुखलं न्हाय, म्हंजी खुर्ची बरी हाय," हे त्यांचं शास्त्र. आमच्या सभेत दीड तास बसूनही काही दुखत नसेल, तर ती खुर्ची उत्तमच असणार, याबद्दल मला कधी शंका आली नाही.

एकदा पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी त्यांना लाभार्थी समजून शाल पांघरली. वाकून हात हातात घेतला, आवाज कापरा केला, चार फोटो झाले.  आबांनी शालीची नीट घडी केली, मांडीवर ठेवली आणि चहा आला तसे उठून चालत चहा घ्यायला गेले. पाहुण्यांनी आ वासला. पण आमचे अध्यक्ष सुधाकरराव टाइल्सचे मोठे व्यापारी, फुटलेला माल खपवायची सवय. त्यांनी लगेच माइक घेतला आणि क्लबच्या कार्याचा परिणाम आपल्या डोळ्यांसमोर असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. फोटो पेपरात आला, खाली 'क्लबमुळे वृद्धास दिलासा' असं छापून.

मी या क्लबचा सचिव, धंद्यानं वकील. आमच्या सभेत आधी प्रार्थना, मग वाढदिवस, मग पाहुण्यांचा परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय, मग भाषण, आभार आणि बटाटेवडा. वड्याच्या आधी पाच मिनिटं उरलीच तर सेवा. म्हणजे आबांचा अहवाल. "दोन कॉटा दिल्या. एक परत आली. कमोड खुर्ची शिल्लक न्हाय." संपला अहवाल. एका नव्या सभासदानं एकदा उत्साहानं विचारलं की, कॉट परत आली म्हणजे पेशंट बरा झाला ना? आबा म्हणाले, "काल तेरावं झालं त्याचं." त्या गुरुवारी चार वडे उरले.

सामान देताना ते फोनवर असले प्रश्न विचारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, सोयरीक जमवतायत. दार किती रुंद आहे, पेशंट कुठल्या कुशीवर निजतो, रात्री उठवायला कोण आहे. आणि पेशंट गेला तरी दिलेली वस्तू तेराव्याच्या आधी कधी परत आणायचे नाहीत. घरच्यांनी स्वतः फोन केला तरी सांगायचे, राहू द्या, पाव्हणं-रावळं असतील, बसायला व्हईल. क्लबात हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण परत आणतानाचा फोटो काढायची आमच्यात पद्धत नाही.

अशात एका देणगीदारानं क्लबला ऑक्सिजनचं मशीन दिलं. नळी नाकाला लावली की खोलीतल्या हवेतूनच ऑक्सिजन काढून देणारं, विजेवर चालणारं. सुधाकररावांनी तातडीनं लोकार्पण सोहळा ठरवला. मी स्वतःच्या हातानं मशीनला लाल फीत बांधली. पाहुण्यांची तारीख पुढे गेली. दुसरी मिळाली, तीही पुढे गेली. धूळ बसू नये म्हणून आम्ही मशीन फितीसकट खोक्यात घालून हॉलखालच्या केंद्राच्या गाळ्यात ठेवलं आणि दर गुरुवारी जिना चढताना त्याच्याकडे कौतुकानं बघू लागलो.

तिसरी तारीख दहा-बारा दिवसांवर असताना आबांनी सभेत विषय काढला. कळंबच्या हिराबाई, जन्मभर चुलीपुढं बसून फुप्फुसं गेलेली बाई. दवाखान्यानं घरी सोडताना सांगितलं होतं, असं मशीन लावावं लागेल. घरात सून तेवढी होती. बाई उशांना टेकून बसूनच रात्र काढत होत्या, कारण आडवं झालं की दम कोंडायचा. सुधाकरराव म्हणाले की, भावना समजू शकतो, पण पाहुण्यांना काय उत्तर द्यायचं? मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कायदेशीर मत दिलं की, लोकार्पण झाल्याशिवाय ती वस्तू तांत्रिकदृष्ट्या लोकांची होत नाही. काय वाक्य होतं! मला स्वतःला फार आवडलं.

"मग तवर बाईला काय सांगू?" आबांनी विचारलं. "श्वास घ्यायचं थांबव म्हणू?"

 वडे आले.

त्यानंतर आबांनी विषय काढला नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. लोकार्पणाच्या आदल्या दिवशी मशीन पुसून ठेवावं म्हणून खोकं उघडलं, तर आत चार विटा, पोत्यात गुंडाळून नीट बसवलेल्या. आबांना फोन लावला. त्यांनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. "कळंबला हाय. फितीसकट चालू हाय. सुनंला सांगितलंय, फीत कापायची न्हाय, पाव्हण्यांची हाय ती."

सुधाकरराव आधी लाल झाले, मग उदार झाले. म्हणाले, आपण काय राक्षस आहोत का? एक तासासाठी आणा, फोटो झाला की परत पाठवू. एका तासानं कुणी मरत नाही. आणायची जबाबदारी अर्थातच सचिवावर.

रविवारी सकाळी गाडी काढली. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून रखडत सणसर मागे टाकलं आणि कळंब गाठलं. दारात आबांची सायकल. मी येणार हे त्यांनी ओळखलंच होतं. आत हिराबाई पलंगावर बसून मेथी निवडत होत्या. नाकाला नळी. शेजारी मशीन घुरघुरत होतं आणि त्याच्या पोटावर माझी फीत, गाठीसकट. सुनेनं चहा टाकला. मी एक तासाची गोष्ट शक्य तितक्या गोड शब्दांत सांगितली. सून आबांकडे बघायला लागली.

आबा जागचे हलले नाहीत. "सेक्रेटरी, बटन मागच्या अंगाला हाय," ते म्हणाले. "तुमीच बंद करा. मला जमायचं न्हाय."

हिराबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि माझ्यावरच दया आल्यासारख्या म्हणाल्या, "न्या की बाबा. आठ-नऊ दिस आडवी निजले, लई झालं."

मी आजवर कोर्टात पुष्कळ निर्लज्जपणा केला आहे, त्याचे पैसेही घेतले आहेत. पण त्या खोलीत मला माझी इतकी शरम वाटली की चहाचा कप तसाच खाली ठेवला. मी उठलो आणि सुधाकररावांना गाडीतून फोन करून सांगितलं की, मशीन हलवलं तर बिघडेल.

लोकार्पण झालं. झोकात झालं. विटांचं खोकं टेबलावर ठेवलं, नवी फीत बांधली, पाहुण्यांनी ती कापली आणि खोक्यावर प्रेमानं थाप मारत सांगितलं की, यातून अनेकांना नवजीवन मिळेल. सगळ्यात जोरात टाळ्या सुधाकररावांच्या.

पुढच्या गुरुवारी आबांना केंद्राच्या जबाबदारीतून मुक्त करण्याचा ठराव आला. मसुदा माझा, 'मुक्त' हा शब्दही माझा. बहुमतानं मंजूर झाला, आणि वर गेलेल्या हातांत माझाही हात होता. आबा व्हीलचेअरवरून उठले, किल्ली टेबलावर ठेवली आणि सांगितलं की, हिचा डावा ब्रेक सैल आहे, आवळल्याशिवाय कुणाला देऊ नका. त्यानंतर ते सभेला आले नाहीत. केंद्रात आता छापील अर्ज आहे, दोन फोटो आणि एका सभासदाची शिफारस लागते. सामान अगदी नव्यासारखं राहिलंय, कारण कुणी नेतच नाही.

हिराबाई तीन महिने जगल्या. त्यांचं तेरावं झाल्यावर मशीन स्वच्छ पुसून परत आलं.

मग एकदा आबा एस.टी. स्टँडजवळ भेटले. सायकलच्या कॅरिअरला वॉकर बांधलेला. सणसरमधून स्वतःच जुनं सामान गोळा करून ते लोकांना देत होते. मी पाठ केलेली माफी ऐनवेळी विसरलो आणि एवढंच बोललो की, आबा, त्या ठरावाला मीही हात वर केला होता.

"दिसला की," आबा म्हणाले. "पर कळंबात त्यो हात बटनाला लावला न्हाय तुमी. म्हातारी तीन म्हैनं निजली. ठरावाचं काय घिऊन बसलाय?"

त्यांनी मला माफ केलं, हे मला जास्त लागलं. चार शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं.

गेल्या हिवाळ्यात आबा गेले, शेतात पाणी धरताना, कुणाच्या कॉटवर न निजता. क्लबनं दोन मिनिटं शांत उभं राहून दुखवटा पाळला, एवढी शांतता आमच्या सभेत प्रथमच ऐकली. मग सुधाकररावांनी केंद्राला आबांचं नाव द्यायचं ठरवलं. संगमरवरी पाटी बसली, तिच्यावर मखमली पडदा लागला, आणि अनावरण होईपर्यंत केंद्र बंद ठेवायचं ठरलं. पाहुण्यांची तारीख दोनदा पुढे गेली आहे.

काल सकाळी सणसरहून एक बाई आली होती. नवऱ्याला पाठीला जखमा झाल्यात, कॉट हवी होती. मी कुलूप काढलं, दोघांनी मिळून कॉट टेम्पोत चढवली, आणि गाळा तसाच उघडा ठेवून कोर्टात गेलो. आजही तो उघडाच आहे. गुरुवारी माझ्यावर ठराव येईल. मसुदा मात्र या वेळी सुधाकररावांना स्वतःच्या अक्षरात लिहावा लागेल.