कर्टिसचे हात मी पाहिले होते

त्या सकाळी मी कर्टिसला ओळख दिली नाही.

नऊ वर्षं आम्ही इथे जर्मनीत ब्योब्लिंगेनहून एकाच एस-बान लोकलने कामाला जात होतो. मी ब्रेक टेस्टिंगला, तो त्याच कंपनीत मशीन दुरुस्तीला. तो आधी चढायचा आणि शेजारी बॅग ठेवून माझी जागा धरायचा.

त्या दिवशी मी धावत दुसऱ्याच दारातून चढलो. गर्दी होती. दोन बाकं मागे उभा राहिलो.

तेवढ्यात दोन पोलीस आले. अख्ख्या डब्यात कागद मागितले फक्त कर्टिसकडे. त्याचं ओळखपत्र, आउसवाइस, नेमकं दुसऱ्या जॅकेटमध्ये राहिलं होतं.

"तो माझा मित्र आहे, त्याला विचारा," म्हणून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

पोलिसाने विचारलं, "यांना ओळखता?"

मी म्हणालो, "तोंडओळख. ट्रेनमध्ये दिसतात."

माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा ऑफिसात पडून होता. कुठल्याच पोलिसाच्या वहीत मला माझं नाव नको होतं.

कर्टिसला पुढच्या स्टेशनवर उतरवलं. खिडकीतून मला दिसत होतं. त्याने दोन्ही हात भिंतीवर ठेवले होते. बोटं पसरून.

तरी त्याला खाली पाडलं.

गाडी सुटली. नऊच्या मीटिंगला मी वेळेवर होतो.

कर्टिस अमेरिकेतला, जॉर्जियाचा. सैन्यातून इथे आला, हायकेशी लग्न केलं आणि राहिला. हात तसे ठेवायला त्याला वडिलांनी शिकवलं होतं. गाडी शिकवायच्या आधी. "पोलिसाने थांबवलं की हात दिसतील असे ठेवायचे, बोटं उघडी, आणि प्रत्येक वाक्याला सर." तेव्हा तो सोळा वर्षांचा होता.

शनिवारी आम्ही त्याच्या घरी अमेरिकन सिनेमे बघायचो. पडद्यावर काळा माणूस आला की कर्टिस घड्याळ बघायचा.

"वीस मिनिटं. फार तर पंचवीस. मग हा मरणार, आणि त्याचा मित्र रडून शहाणा होणार."

हे लिहिताना मला त्याचीच भीती वाटते आहे. तो मेला, आणि मी इथे बसून शहाणा होतो आहे.

मी शहाणा झालेलो नाही. एवढं कृपा करून लक्षात ठेवा.

तो सांगायचा, लहानपणी टीव्हीवर काळा चेहरा दिसला, अगदी साबणाच्या जाहिरातीत, तरी त्याची आजी सगळ्या मावश्यांना फोन करायची. बघा बघा, लवकर लावा.

"तुझी आजी कुणाला करायची?" त्याने विचारलं.

"आमच्याकडे फोन नव्हता. आणि आमच्यातलं कुणी टीव्हीवर आलंही नाही."

पोट धरून हसला होता.

इथल्या मराठी मंडळात मी आडनाव सांगत नाही, गावाचं नाव लावतो, पाहुणे येणार असले की बुद्धमूर्ती आतल्या खोलीत जाते, हेही मी पहिल्यांदा त्यालाच सांगितलं. वाटलं, त्याला वाईट वाटेल.

"म्हणजे तुला लपता येतं?" तो म्हणाला. "नशीबवान आहेस लेका. मी काय करू? टोपी घालू?"

आम्ही दोघंही हसलो. पण गावच्या शाळेत गुरुजी शिष्यवृत्तीची यादी वाचायचे, तेव्हापासून मी खाली बघायला शिकलो आहे. त्या ट्रेनमध्ये ते शिक्षण कामाला आलं.

कर्टिसने तक्रार केली. पोलिसांचं म्हणणं, त्याने विरोध केला. मग तो आमच्याकडे आला. बायकोने चहा ठेवला.

"दोन ओळी लिहून दे, ब्रदर. माझे हात कुठे होते, एवढंच."

"माझ्या अर्जाचा निकाल लागू दे. मग नक्की देतो."

"ओके," म्हणाला. चहा पूर्ण प्यायला. बायकोला छान झाला म्हणाला.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, रोज सकाळी पंचशील म्हणता ना? त्यातलं चौथं काय?"

खोटं न बोलणं. मी चहाचे कप विसळायला घेतले.

तक्रार बंद झाल्याचं पत्र आलं. त्यात होतं, सहप्रवाशाची तक्रारदाराशी केवळ तोंडओळख होती, अन्य साक्षीदार नाही. पत्र त्याने मला ट्रेनमध्ये वाचायला दिलं. परत घेतलं, घडी केली, आणि जेवायला काय आणलं आहेस म्हणून विचारलं.

चार महिन्यांनी त्याचं हृदय थांबलं. कामावरच.

माझा जर्मन पासपोर्ट त्यानंतर तीन आठवड्यांनी आला.

त्याला जाऊन आज वर्ष झालं. वर्षभर वंदनेला बसतो आणि चौथ्या शीलापाशी माझा आवाज बंद होतो. बायको पुढचं एकटी म्हणते.

आज सकाळी जबाब लिहिला आणि आधी हायकेकडे गेलो. दारातच सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "कर्टिसने मला सांगितलं होतं, ट्रेनमधला तो कुणीतरी परका माणूस होता."

त्याने मला तिच्यापासूनही वाचवलं होतं.

"वर्षभर माझ्या घरी येऊन केक खात होतास," ती म्हणाली. मी कागद पुढे केला. तिने हात लावला नाही. "मला कशाला देतोस? जिथे द्यायचा होता तिथे दे."

दार लावून घेतलं.

तिथून तक्रार कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी फाइल नंबर शोधला.

"तक्रारदार हयात आहेत?"

"नाही."

"मग प्रकरण बंद आहे. आता याचा काही उपयोग नाही."

"माहीत आहे. तरी घ्या."

"यात तुम्ही पोलिसांशी खोटं बोलल्याचं लिहिलं आहे. वकिलांना विचारलंत?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. कागदावर एवढंच आहे: मी या माणसाला नऊ वर्षं ओळखत होतो. त्याचे हात भिंतीवर होते. मी खोटं बोललो.

जबाब दिला, कर्टिस.

जय भीम.